पत्रात नसलेली नावे

वाचकाच्या पत्राचा सारांश: एका मंडळीचे पाळक लिहितात की गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या चर्चच्या व्हरांड्यात काही बेघर माणसे रात्री झोपायला येऊ लागली. सुरुवातीला चार-पाच जण होते, आता पंधराच्या आसपास असतात. मंडळीतील काही भगिनी संध्याकाळचे जेवण देतात. दोन महिन्यांपूर्वी प्रशासनाने जवळचा पदपथ मोकळा केला आणि तेथील लोकांची गाठोडी उचलून नेली. त्या रविवारी पाळकांनी बायबलमधील यशया या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायावर प्रवचन केले आणि ही कारवाई अन्यायाची असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यानंतर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतील तिघांनी ‘व्यासपीठावर राजकारण नको’ असे लेखी कळवले आणि एका जुन्या कुटुंबाने मासिक वर्गणी थांबवली. दुसरीकडे, निवडणुकीला उभे असलेले एक उमेदवार शंभर ब्लँकेट देऊ इच्छितात. वाटप चर्चच्या पायऱ्यांवर व्हावे, फोटो निघावा आणि पाळकांनी दोन शब्द बोलावेत, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. तरुण संघाला हा प्रस्ताव स्वीकारावासा वाटतो. पाळक विचारतात: ‘मी केवळ सेवा करावी आणि गप्प राहावे, की बोलावे आणि मंडळी फुटू द्यावी? गप्प राहिलो तर मी प्रभूशी बेइमान ठरतो का?’

प्रिय पाळकबंधू,

सलाम. तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि ते मी तीनदा वाचले. त्यात तुमच्या पंच कमिटीतील तिघांची नावे आहेत, त्यांचे व्यवसाय आहेत, कोण कोणत्या बैठकीत काय बोलले याचा तपशील आहे. वर्गणी थांबवणाऱ्या कुटुंबाचे नाव आहे, उमेदवाराचे नाव आहे, त्यांच्या पक्षाचेही आहे. (छापताना हे सारे अर्थातच गाळले.) मात्र तुमच्या व्हरांड्यात रोज रात्री जी पंधरा माणसे झोपतात, त्यांच्यापैकी एकाचेही नाव चार पानांत आलेले नाही. तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण तुमच्या वयाचा असताना मी लिहिलेल्या पत्रांतही ती नावे नसत. तरीही माझे उत्तर तिथूनच सुरू होते. तुम्ही विचारता की बोलावे की गप्प राहावे. मला वाटते, कोणाच्या वतीने आणि काय बोलायचे हे अजून तुम्हालाच पुरते ठाऊक झालेले नाही, आणि म्हणून हा प्रश्न तुम्हाला इतका जड जातो आहे.

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी आम्ही नाताळच्या आधी ब्लँकेट वाटली होती. रांग लागली, प्रार्थना झाली, वाटप झाले, फोटोही निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्क गृहस्थ ते ब्लँकेट नीट घडी घालून परत घेऊन आले. मला वाटले, काही फाटले-बिटले असेल. ते म्हणाले, ‘पाळकसाहेब, रात्री ऊब आली, उपकार झाले. पण हे मी दिवसभर ठेवू कुठे?’ त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात एकात एक घातलेल्या तीन प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. सर्वांत आतल्या पिशवीत पत्नीच्या मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतनाच्या अर्जाची पोच आणि एक जुने ओळखपत्र. हातात ब्लँकेट असले की ही पिशवी सांभाळता येत नसे आणि पिशवी सांभाळायची तर ब्लँकेट कुठेतरी टाकून जावे लागे. टाकून गेले की संध्याकाळी ते तिथे नसे. ज्याला घर नाही, त्याला आपला सगळा संसार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अंगावर वाहावा लागतो, ही साधी गोष्ट मला कोणत्याही धर्मशास्त्र महाविद्यालयात कोणी शिकवली नव्हती.

आम्ही वेस्ट्रीतले, म्हणजे चर्चमधील पाळकांच्या खोलीतले, एक कपाट रिकामे केले. त्यात वाळवी लागलेली गायनपुस्तके होती आणि ती हलवायला कमिटीने दोन बैठका घेतल्या, हेही सांगितले पाहिजे. त्या कपाटामुळे पुढे काय झाले पाहा. सामान ठेवायला माणसे सकाळ-संध्याकाळ येऊ लागली, आल्यावर बोलू लागली, आणि बोलता बोलता कळले की पदपथ ‘साफ’ होतो तेव्हा ब्लँकेटपेक्षा कागदपत्रे जाण्याचे नुकसान मोठे असते. ओळखपत्र गेले की ते पुन्हा मिळवायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पत्ता नाही म्हणूनच तर माणूस पदपथावर असतो. मग त्या गृहस्थांबरोबर मी एका कार्यालयात गेलो, तेथून दुसऱ्या कार्यालयात गेलो, आणि तिसऱ्या ठिकाणी मी चांगलाच आवाज चढवला. कोणत्या क्षणी मी सेवा थांबवून राजकारण सुरू केले, हे मला आजही सांगता येणार नाही.

तुमच्या प्रश्नातले पहिले गृहीतक हे आहे की जेवण देणे ही निव्वळ सेवा असते आणि कारवाईबद्दल बोलणे हे राजकारण असते. वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा येशूचा दाखला तुम्ही कितीदा सांगितला असेल. त्यात आपण जखमा बांधण्यापाशी रेंगाळतो आणि उतारशाळेचा भाग घाईने उरकतो. त्या शोमरोन्याने माणसाला स्वतःच्या जनावरावर घातले, उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी तेथील रखवालदाराला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरीन, असे वचन दिले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एका दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे ही दोन दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम झाली, आणि शिवाय पुढच्या खर्चाची हमी. एका माणसाच्या करुणेला तिथे रखवालदार लागतो, खोली लागते, हिशेब लागतो आणि परत येणे लागते. ही सारी व्यवस्था कोणी तरी चालवलेली असते. ती कोणासाठी चालते आणि कोणासाठी तिचे दार बंद असते, याबद्दल बोलायचेच नाही असे ठरवले, तर आपल्या हाती फक्त जखमांवर ओतायचे तेल आणि द्राक्षारस उरतो.

‘गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत’ हे वचन तुमच्या कमिटीतील एका सदस्याने ऐकवले, असे तुम्ही लिहिले आहे. तेच वचन मलाही दर चार वर्षांनी कोणीतरी ऐकवत असे. मार्कच्या १४व्या अध्यायात येशू पुढे लगेच म्हणतो की तुम्हाला वाटेल तेव्हा त्यांचे बरे करता येते. आणि ते वाक्य बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ज्या १५व्या अध्यायाची आठवण करून देते, तिथे देशात गरीब कायम असणार, म्हणूनच तू आपला हात सैल सोड, अशी आज्ञा आहे. शिवाय तो अध्याय सुरू होतो तो सातव्या वर्षीच्या कर्जमाफीच्या नियमाने. म्हणजे ज्या वचनाने नियमांची चर्चा थांबवायची, ते मुळात एका नियमाच्या पोटात बसलेले आहे. त्या सदस्याला हे वादात जिंकण्यासाठी सांगू नका. बायबल अभ्यासाच्या वर्गात सर्वांसमवेत संपूर्ण अध्याय वाचा.

आता दुसरी बाजू, कारण मला भीती वाटते की इथपर्यंत वाचून तुम्ही थोडे सुखावला असाल. आमोसच्या ७व्या अध्यायात बेथेलचा याजक अमस्या आमोसाला सांगतो की इथे संदेश देऊ नकोस, हे राजाचे पवित्रस्थान आहे. व्यासपीठावर राजकारण नको, ही तक्रार इतकी जुनी आहे, आणि विरोध झाला की आपल्यासारख्या पाळकांना स्वतःला आमोस आणि कमिटीला अमस्या समजण्याचा मोह फार लवकर होतो. पण आमोस उत्तरात म्हणतो की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पुत्रही नाही. मी गुरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस आहे. त्याचे पोट मंदिरावर नव्हते. तुमचे आणि माझे आहे. आपण मंडळीच्या बंगल्यात राहतो, मंडळीच्या वर्गणीतून पगार घेतो, आणि निवृत्त झालो की किल्ल्या देऊन बाहेर पडतो. मी ज्या दिवशी किल्ल्या दिल्या, त्या रात्री भाड्याच्या खोलीत झोपताना माझ्या मनात आले की छत्तीस वर्षे मीही दुसऱ्याच्याच छपराखाली झोपलो, फक्त माझ्याकडे नेमणुकीचा कागद होता.

म्हणून कमिटीतील त्या तिघांचे पत्र पुन्हा एकदा, शांतपणे वाचा. तुम्ही त्याची प्रत जोडली आहे. पहिल्या परिच्छेदात ‘राजकारण’ आहे. पण दुसऱ्यात स्वच्छतागृहाची अवस्था आहे, तिसऱ्यात रविवारी सकाळी संडेस्कूलची मुले येतात तेव्हा व्हरांडा ओला आणि अस्वच्छ असतो ही तक्रार आहे, आणि शेवटी रात्री कोणाच्या जबाबदारीवर फाटक उघडे राहते, हा प्रश्न आहे. माझा अंदाज असा की यातील दोघांना तुमच्या प्रवचनाने फारसे दुखावलेले नाही. स्वच्छतागृह कोण धुणार हे त्यांना न विचारता ठरले आणि वड्याचे तेल वांग्यावर निघाले. तुम्ही व्हरांडा उघडलात तेव्हा कमिटीची परवानगी घेतली होती का, हे पत्रात नाही; नसेल घेतली, तर तिथे तुमची चूक आहे आणि ती पुढच्या बैठकीत सरळ मान्य करा. धुण्याची पाळी, फाटकाची वेळ, रात्री हाक मारायची तर कोणाला, संडेस्कूलच्या आधी व्हरांडा किती वाजता मोकळा होईल, हे सारे कागदावर येऊ द्या, आणि ते ठरवताना व्हरांड्यात झोपणाऱ्यांपैकी दोघांना बैठकीला बसवा. त्यांच्यापैकी कोणी तरी झाडण्याची जबाबदारी आपणहून घेईल, असा माझा अनुभव आहे. मात्र ती फुकटची चाकरी होणार नाही, एवढे पाहा.

तिसऱ्या सदस्याची भीती वेगळी आहे आणि ती खरी आहे. चर्च कोणत्या तरी पक्षाच्या दावणीला बांधले जाईल, असे त्यांना वाटते. उमेदवाराचा प्रस्ताव पाहता त्यांना तसे वाटले, यात नवल नाही.

त्या प्रस्तावाबद्दल माझे मत स्वच्छ आहे: ब्लँकेट घेता येतील, पायऱ्या देता येणार नाहीत. उमेदवारांना नम्रपणे कळवा की वस्तू कोणत्याही दिवशी कार्यालयात जमा करता येतील, रीतसर पावती मिळेल, वाटप मंडळी करील, त्या वेळी फलक, फोटो आणि भाषण नसेल, आणि हीच अट इतर सर्व पक्षांना लागू आहे. ते मान्य असेल तर आभार मानून घ्या. मान्य नसेल, तर ते ताकाला आले होते आणि भांडे कोणते होते हेही कळून येईल. तरुण संघाला एकच गोष्ट विचारा: ज्या माणसाच्या खोलीला दार नाही आणि खिडकीला पडदा ओढता येत नाही, त्याचा झोपेतला किंवा हात पसरलेला फोटो त्याला न विचारता छापायचा, हे आपल्या घरातल्या कोणाच्या बाबतीत आपण चालवून घेऊ का? शिवाय कायद्याची बाजू आहेच, आणि ती देशागणिक बदलते. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांना, त्यांत चर्चही आली, उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास मनाई करणारी तरतूद १९५४ पासून आहे, जरी तिच्या अंमलावरून तिथे सतत वाद चालतात. भारतात धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८चा कायदा धर्मस्थळाच्या आवारात राजकीय कार्य करू देत नाही. त्यामुळे प्रशासनाविरुद्ध सभा घ्यायची असेल, तर ती आवाराबाहेर, नागरिक म्हणून घ्या आणि आधी वकिलाला विचारा.

मग व्यासपीठावरून बोलायचे काय? मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली होती: जे वाक्य आज बोलतो आहे, तेच वाक्य उद्या सत्तेवर दुसरा पक्ष आला तरी मला जसेच्या तसे बोलता येईल का? ‘हे सरकार गरिबांच्या जिवावर उठले आहे’ हे वाक्य या कसोटीला टिकत नाही. ‘मंगळवारी पहाटे पूर्वसूचना न देता अकरा गाठोडी उचलली गेली, त्यांतल्या एकात मधुमेहाची औषधे होती आणि एकात मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला होता, ती परत मिळावीत म्हणून आपण बुधवारी अर्ज करणार आहोत’ हे वाक्य टिकते. पहिल्यात तुमचे मत आहे आणि मंडळीत त्याला विरोधी मत असू शकते. दुसऱ्यात साक्ष आहे आणि तिला उत्तर द्यायचे तर कोणाला तरी गाठोडी शोधावी लागतात. यिर्मयाच्या २२व्या अध्यायात संदेष्टा यहोयाकीम राजाला थेट बोलतो. पण काय बोलतो? तू ऐसपैस माड्या बांधतोस आणि मजुरांना मजुरी देत नाहीस. तुझा बाप योशीया दीनदुबळ्यांचा न्याय करीत असे, आणि मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय? आरोप नेमका आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि समोर योशीयाच्या रूपाने त्याच राजघराण्यातले चांगले उदाहरण ठेवलेले आहे. तुमच्या त्या प्रवचनाची टिपणे तुम्ही पाठवली आहेत. त्यांत ‘अन्याय’ हा शब्द नऊ वेळा आहे आणि उचललेल्या एकाही वस्तूचे नाव नाही.

साक्षीचे सामर्थ्य काय असते, याचे एक उदाहरण फ्रान्सचे आहे. १ फेब्रुवारी १९५४ रोजी, कडाक्याच्या थंडीत, आबे पिएर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंनी रेडिओवरून आवाहन केले. त्याची सुरुवात एका स्त्रीपासून होती: ती त्या रात्री तीन वाजता पॅरिसच्या एका रस्त्यावर गोठून मेली होती आणि दोन दिवसांपूर्वी तिला घराबाहेर काढणारा कागद तिने अंगाशी घट्ट धरलेला होता. माझ्या त्या वयस्क गृहस्थांच्या पिशवीची आठवण झाल्याशिवाय मला हे वाचता येत नाही. आवाहनानंतर देणग्यांचा आणि वस्तूंचा पूर आला. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही, आणि १९५६च्या डिसेंबरमध्ये हिवाळ्याच्या महिन्यांत भाडेकरूंना घराबाहेर काढण्यास मनाई करणारा कायदा तिथे झाला. तो आजही आहे.

याच माणसाबद्दल दुसरी गोष्टही सांगणे भाग आहे. त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांनी लैंगिक अत्याचार केल्याचे अनेक स्त्रियांचे आरोप त्यांनीच बेघरांसाठी स्थापन केलेल्या एमाऊस चळवळीने स्वतः जाहीर केले. ज्याच्या हाती अन्न, निवारा आणि लोकांचा आदर हे तिन्ही असते, त्याच्याविरुद्ध बोलणे निराधार माणसाला किती अवघड जाते, याचा याहून कठोर पुरावा नको. म्हणून तुम्ही कितीही सज्जन असलात तरी व्हरांड्याची किल्ली एकट्या तुमच्याकडे ठेवू नका. रात्रीच्या पाळीला दोघे असू द्या, त्यांत एक स्त्री असू द्या. आणि तक्रार करायची तर पाळकाकडेच यावे लागू नये म्हणून मंडळीबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीचा फोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. जेवणाआधी प्रार्थना करायची असेल तर तुम्ही करा, पण ताट तिच्यावर अवलंबून ठेवू नका. भुकेच्या वेळी म्हटलेल्या ‘आमेन’चा हिशेब कोणत्याही अहवालात येऊ नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यावरून मी एका वरिष्ठांचा कायमचा रोष ओढवून घेतला होता.

आता जो मुद्दा तुमच्या पत्रात अजिबात नाही, त्याबद्दल. व्हरांडा हे घर नव्हे. पुढच्या हिवाळ्यात तिथे पंधराचे पंचवीस झाले, तर ते यश मानायचे की अपयश? बेघर माणसाने आधी व्यसन सोडावे, आधी काम धरावे, मग घराचे पाहू, अशी पायऱ्यांची कल्पना जगभर दीर्घकाळ रूढ होती. १९९२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने ती उलटी करून पाहिली: आधी स्वतःचे दार असलेली खोली, मग ज्याची त्याची इच्छा असेल तसे उपचार आणि मदत. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांसह ही पद्धत तपासली आणि अशा रीतीने घर मिळालेली माणसे नेहमीच्या पद्धतीतल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त काळ घरात टिकली. फिनलंडने २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण केले. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस पंधरा हजारांवर असलेली बेघरांची संख्या २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या खाली आली होती. नंतरच्या वर्षी ती थोडी वाढली, म्हणजे हे काम एकदा करून संपणारे नाही. मला त्यातला एक तपशील विशेष वाटतो. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मीचा सुमारे अडीचशे खाटांचा निवारा होता. तो त्यांनी बंद केला आणि त्याच इमारतीत ऐंशीच्या आसपास स्वतंत्र सदनिका केल्या. एका ख्रिस्ती संस्थेने आपली सर्वांत दिसणारी सेवा, जिचे फोटो चांगले येतात, ती आपल्याच हाताने मोडली, कारण खाट आणि घर यांतला फरक तिने मान्य केला.

तुमच्या मंडळीकडे अशी इमारत नसेल. पण वापरात नसलेल्या दोन खोल्या, वर्षातून दोनदा उघडणारे सभागृह, किंवा भाड्याने खोली देताना बेघर माणसाला जामीन राहू शकणारी चार कुटुंबे असतील. शोमरोन्याची ‘परत येताना भरीन’ ही हमी याहून वेगळी नव्हती. आणि न्यायालयांवर सारी भिस्त ठेवू नका. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण पदपथ मोकळे करण्याचा अधिकार नाकारला नाही, फक्त त्यासाठी न्याय्य पद्धत हवी असे म्हटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उघड्यावर झोपण्याबद्दल दंड करण्यास मोकळीक दिली. कायद्याचा उपयोग पूर्वसूचना, पंचनामा आणि जप्त वस्तूंची यादी मागण्यासाठी जरूर करा. त्या अर्जाला कोणत्याही पक्षाचा झेंडा लागत नाही.

वर्गणी थांबवणाऱ्या कुटुंबाकडे जा, पण पैशांचा विषय काढू नका. त्यांच्या घरी कोणी आजारी आहे, असे तुमच्याच पत्रात एका ओळीत आहे, आणि त्या महिन्यात तुम्ही तिकडे गेला होता का, हे नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, प्रभूशी बेइमानीचा. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिल या धर्मगुरूने दुष्काळात धान्याची कोठारे बंद ठेवणाऱ्यांना भर उपासनेत सुनावले आणि पुढे शहराबाहेर गरिबांसाठी व आजाऱ्यांसाठी मोठी वसाहतच उभारली. बोलणे आणि बांधणे यांत त्याने निवड केली नाही. तुम्हालाही ती करावी लागणार नाही, पण काही आठवडे गप्प राहावे लागेल आणि त्या गप्प राहण्याला भित्रेपणा समजू नका. रोज रात्री अर्धा तास वही न घेता व्हरांड्यात बसा. नाव विचारा, पण ज्याला सांगायचे नसेल त्याला टोकू नका. पळून आलेल्या माणसाला आपले नाव हीच सर्वांत धोक्याची वस्तू असते. गाठोड्यात काय होते ते विचारा. कोणत्या कार्यालयात कागद अडकला आहे ते विचारा. सामान ठेवायला कपाट हवे का, हेही विचारा, आणि हवे असेल तर कुलूप दोन किल्ल्यांचे घ्या, एक त्यांची, एक कमिटीची. प्रवचन त्यानंतर लिहा, आणि देण्याआधी ज्यांच्याविषयी बोलणार आहात त्यांना वाचून दाखवा. त्यांनी एखादी ओळ वगळायला सांगितली तर ती वगळा.

मला पुन्हा पत्र लिहाल, तेव्हा पहिल्या पानावर त्यांच्यापैकी ज्यांची हरकत नसेल त्यांची नावे येऊ द्या. सदरात ती छापणार नाही. माझ्याकडे प्रार्थनेची एक वही आहे आणि तिच्यात मला ती उतरवून घ्यायची आहेत.

तुमचा,
एक निवृत्त पाळक